आबांच्या नडगीतली ती जागा

आबांचा पाय भरला होता की नाही, हे काल मी त्यांच्या राखेत शोधलं.

आबा म्हणजे माझे वडील. सोमवारी गेले. हार्ट अटॅक.
पाय सांभाळता सांभाळता छातीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

उरवड्याच्या एका कंपनीत त्यांच्या पायावर ट्रॉली पडली होती. इन्फेक्शन झालं आणि नडगीचं बोटभर हाड काढून टाकावं लागलं. त्या जागी डॉक्टरांनी कृत्रिम हाड भरलं. हाडात असतं तसलंच खनिज, आणि त्याला धरून ठेवणारं, हळूहळू विरघळणारं प्लास्टिकसारखं काहीतरी. वरून स्टीलची प्लेट.

"जनावराचं न्हाई ना वो?" आबांनी विचारलं.

"नाही काका, फॅक्टरीतलं आहे. हा नुसता मांडव. वेल तुमच्याच हाडाचा चढणार."

"आन् मांडव इरघळला, वेल चढलाच न्हाई तर?"

डॉक्टर हसले. आम्ही नाही हसलो.

मग एक्स-रे सुरू झाले.  दर वेळी मी फोनवर फोटो झूम करकरून बघायचे. फट कमी झालीये? की मलाच तसं वाटतंय?

डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं. थोडं भरलंय, पण वजन टाकू नका.

आबांचं एकच टुमणं, "भाताच्या लावनीला खाचरात उतरंन ना मी?"

पुढचा एक्स-रे या गुरुवारी होता.

काल सावडायला गेलो, तर आईची वेगळीच काळजी.

"ते कारखान्याचं हाड येगळं काढ बाय. त्यांच्यासंगं पान्यात परकं कायबी नगं."

मी हो म्हणाले. ओळखू कसं? आणि तिथे नुसती फटच निघाली तर आईला काय सांगू?

प्लेट सापडली, काळी पडलेली. तिच्या खालीच नडगीचा तुकडा. उलटून पालटून पाहिला.
फट नाही. जोड नाही. आबांचं कुठलं आणि कारखान्याचं कुठलं, कळेचना.

आईच्या हातात दिला. तिने त्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"ह्यातनं येगळं काय काढायचं? समदं त्यांचंच हाय," म्हणाली, आणि सोमवारपासून पहिल्यांदा रडली.

राखेतलं हाड बघून काही ठरत नसतं, असं डॉक्टर म्हणतील. म्हणू देत. मला आता कुणाला विचारायचं नाहीये.

आबा, भरलंय.
टाका पूर्ण वजन.