सातवं पाणी

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. तेवीस वर्षांत त्यांनी किती बाटल्या धुतल्या त्याला गणती नाही. साबण लावला की चार वेळा नळाचं पाणी, तीन वेळा शुद्ध पाणी, एकूण सात. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्यांनी स्वतःच घालून घेतला होता, आणि बाई हट्टाच्या पक्क्या.

मग संशोधनाचा वेग वाढवायला नवे साहेब आले. वेग वाढवायचा तर सुरुवात कुठून? अर्थातच सिंकपासून! तिथे घड्याळ लागलं. एक टोपली, बारा मिनिटं. जमलं नाही तर मशीन आणू, म्हणाले. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी गुपचूप सातातली तीन पाणी वगळली.

दोन महिन्यांनी एक संशोधक मुलगी सिंकपाशी येऊन रडू लागली. तिथे बाटल्यांत जिवंत पेशी वाढवणारी ती एकटीच.

"मावशी, सगळ्या पेशी मरतायत. माझ्या हातालाच यश नाही. सोमवारी माझं काम बंद करणारेत."

मावशींच्या लगेच ध्यानात आलं. साबण! बाटलीत राहिलेला, डोळ्यांना न दिसणारा साबण. बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर पोरीची चार वर्षं जातात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन दिवस त्या दार वाजलं तरी दचकायच्या. शनिवारी मात्र त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"सात वेळा धुवायला कुणी सांगितलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. माझं मीच."

"ठीक आहे. सोमवारचं थांबवतो. आठवडाभर सात वेळा धुऊन बघा. पेशी जगल्या तर चूक तुमची ठरेल. मग तुम्हाला ठेवता येणार नाही."

"आणि नाही जगल्या तर?"

"तिचं काम बंद."

मावशी सिंकपाशी परतल्या. घड्याळाकडे बघायची हिंमत होईना. पहिली बाटली घेतली. पाच, सहा, सात. हिच्यात पेशी तगल्या की आपलं संपलं, हे त्यांना पुरतं कळत होतं. बाटली उजेडात धरून त्यांनी नीट पाहिली. मन भरेना, म्हणून आठवं पाणी घातलं.