आज हळदीत मीबी उखाणा घेतला!

मैत्रिणींनो, गालावरची हळद अजून धुतली न्हाई. धुवायचं मनच होऊन न्हाई राहिलं!

आज जवळा बाजारला चुलत बहिणीची हळद होती. बायका एकामागून एक नवऱ्याचं नाव घेऊन उखाणे म्हणत होत्या. माझा नंबर आला, अन् दर वेळेसारखं मला ओलांडून पुढं गेल्या. काकू हळूच म्हणल्या, "राहू द्या तिला. कोणाचं नाव घेईल बिचारी?"

नवऱ्यानं सोडल्यापासून सगळ्यांसाठी मी 'टाकलेली'. माझं नाव सुनीता आहे, हे मीसुद्धा विसरत चालले होते. चर्चमध्ये प्रार्थनेला जायला लागले तेव्हा कळलं, देवानं मला कधी टाकलंच न्हाई. त्याच्यासाठी मी सुनीताच होते.

म्हणून आज उठून उभी राहिले. "काकू, माझा उखाणा राहिला."

"अगं, पण नाव कोणाचं घेशील?"

"ऐका तर!"

वसमतच्या बाजारात हळदीचा वास,
येशूचं नाव घेते, मी त्याची लेक खास!

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मग नवरीच टाळ्या वाजवत ओरडली, "अक्का, आणखी एक!" अन् हसण्याचा असा काही गलका झाला की विचारू नका. काकूंनी वाटीत बोटं बुडवली अन् माझ्या दोन्ही गालांना हळद लावली.

तेवढ्यात दाराआड उभी असलेली माझी विधवा मामी दिसली. तिचा हात धरला अन् तिला मधोमध आणून बसवलं.

तुमच्या घरच्या हळदीला दाराआड कोण उभं असतं?