अंतरपाटामागचा मामा

मामांच्या गालावर कुंकवाचे स्वस्तिक उमटले होते. पडद्यावर ते पाहताच मंदाताईंनी तोंडाला पदर लावला, आणि स्टुडिओचे मालक राजाभाऊ माझ्याकडे असे पाहू लागले, जणू ते मीच काढले होते.

राजाभाऊ आजही सांगतात की, व्हिडिओ हळू करण्याचे हे काम त्यांनी मुंबईहून आणलेल्या संगणकाच्या महागड्या कार्डाने आपोआप केले. हे साफ खोटे आहे. कार्डाने आपोआप जे केले, ते हे स्वस्तिक. पुढचे मी केले.

नव्या शतकाची ती पहिलीच वर्षे. नाशिकमध्ये लग्नाच्या कॅसेट सीडीवर उतरवण्याचे काम जोरात होते आणि मी सातपूरची नोकरी सोडून राजाभाऊंसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. मंदाताई पिंपळगावच्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांचे भाऊ मामा म्हणून नवरीमागे उभे राहिले आणि पुढे काही महिन्यांतच वारले. स्थळ त्यांना पसंत नव्हते. ते रागातच उभे होते, असे नातेवाईक सांगत. कॅमेरा नवऱ्याच्या बाजूला होता. अंतरपाट सरकणे आणि नवऱ्याचा हार उंचावणे, यांच्यामध्ये मामा क्षणभरच दिसत.

"दादा, तेवढं हळू करून दाखवा," मंदाताई म्हणाल्या होत्या. "रागात होता का नाय, एवढंच बघायचंय मला."

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस स्थिर चित्रे, अर्थात फ्रेम. वेग कमी करायचा तर दोन फ्रेमच्या मध्ये नव्या फ्रेम घडवाव्या लागतात. त्यासाठी प्रोग्रॅम चित्राचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन पुढच्या फ्रेममध्ये कोठे सरकला, ते शोधतो. याला मोशन एस्टिमेशन म्हणतात. परंतु अंतरपाटामागून नुकताच उघडलेला चेहरा आधीच्या फ्रेममध्ये नसतोच. कार्डासोबत आलेल्या प्रोग्रॅमला मात्र जोडी लावायचीच असते. त्याने कापडावरचे स्वस्तिक उचलून मामांना लावले.

मंदाताई बाहेर जाऊन बसल्या. राजाभाऊंनी आवाज उतरवला.

"साहेब, पंगतीच्या शॉटमध्ये मामा मस्त हसताहेत. तोच चेहरा चिकटवा. कोणाला कळणारे?"

"मला कळेल."

"तुम्हाला विचारतंय कोण? बाई खूश होऊन जाईल."

"बाईंनी हसरा भाऊ मागितलेला नाही. होता तसा मागितलाय."

"मग करा काय ते. सोमवारी त्या परत येणारेत."

मी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला प्रत्येक चौकोनाचा शोध दोन्ही दिशांनी घ्यायला लावला. मागच्या फ्रेममध्ये जोडी जुळली नाही, तर तो भाग नुकता उघडलेला. तो केवळ पुढच्या फ्रेममधून घ्यायचा. पुढच्या फ्रेममध्ये जुळली नाही, तर तो हाराआड झाकला जाणारा. तो केवळ मागच्या फ्रेममधून. अंदाज बंद. अक्षतांनी मात्र घोळ घातला. त्या इतक्या लहान की चौकोनात हरवत. चौकोन आणखी बारीक केले, तेव्हा संगणक बैलगाडीच्या चालीने चालू लागला, पण चालला.

सोमवारी मंदाताई खुर्चीच्या कडेवर बसल्या. कापड सावकाश सरकले. गाल स्वच्छ होता. मामा हसत नव्हते, कॅमेऱ्याकडे पाहतही नव्हते. मान वाकवून, नवरीच्या कानातल्यात अडकलेली मुंडावळी ते दोन बोटांनी हलकेच सोडवत होते. मग हार आडवा आला.

"परत लावा."

लावले. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तिला टोचू नाय म्हणून बघतोय तो. रागातला माणूस कशाला बघंल?"

"बघा ताई, कार्डाची कमाल," राजाभाऊ म्हणाले.

मंदाताईंनी ते ऐकलेच नाही. सीडी पिशवीत घालून त्या उठल्या. "आता आधी देवळ्याची गाडी धरते. थोरली नणंद तिथं हाय. तिनंच गावभर सांगितलं ना, रागात होता म्हणून."

जे दिसले नाही, त्याला जोडी लावू नये, एवढे मी यंत्राला शिकवले आणि ते शिकले. नणंदेचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. मंदाताईंनी मात्र त्याच सीडीच्या आणखी प्रती करून नेल्या.