व्हायोलेटची सकाळ

मरोळ गावठाणातल्या इसिडोरचं शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेलं, तेव्हा त्याची मुलगी व्हायोलेट मॅट्रिकला होती. जिथे तिने आईबरोबर भात लावला होता, तिथेच पुढे ती औषधांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवू लागली.

चौसष्ट साली अंधेरीत नोकरदारांसाठी सकाळचं कॉलेज निघालं. इमारत नव्हती, शाळा भरायच्या आधी शाळेच्याच वर्गांत तास व्हायचे. इसिडोर कुरकुरला, "कॉलेजान जाऊन मेम होशील काय?" पण पहिल्या दिवशी सायकलवरून तोच तिला सोडून आला.

बाकं चौथीच्या पोरांची, गुडघे हनुवटीला लागायचे. वेसाव्याची सगुणा आईची मासळीची टोपली बाजारात पोचवून यायची आणि मागे एकटीच बसायची. व्हायोलेट तिच्याकडे गेली.

"वास येतो ना गं?" सगुणाने विचारलं.

"येतो. माझ्या हातांना डिंकाचा येतो. सरक."

तास सुटला की सगळी उडप्याकडे. मराठीचे शिवदास सर चहासमोरही अर्धी राहिलेली कविता पुरी करायचे, आणि व्हायोलेट कारखान्यात उशिरा पोचून बोलणी खायची. काय दिवस होते ते! पुढे एम.ए. होऊन ती सरांच्याच जागी शिकवू लागली.

शहात्तर साली प्राचार्या नलिनीबाईंनी तिला बोलावलं. आता कॉलेजला चार मजले होते.

"अनुदान वेळेवर येत नाही, व्हायोलेट. कॉमर्सला दारात रांग आहे. सकाळचं आर्ट्स बंद करावं लागेल."

संतापलेल्या व्हायोलेटने वर्गात हे सांगितलं. मूठभर मुलीच उरल्या होत्या. त्यांतली सूतगिरणीत जाणारी जयंती म्हणाली, "बाई, आवडतं हेच हो. पण बँकेत आर्ट्सला कोण विचारतं?"

व्हायोलेट स्वतः बाटल्यांतून सुटली होती ती पदवीमुळेच ना?

दुसऱ्या दिवशी ती नलिनीबाईंना म्हणाली, "आर्ट्स बंद करा, पण सकाळचे तास बंद करू नका. कामावरच्या मुलींसाठी कॉमर्सची तुकडी ठेवा. त्यांचं सक्तीचं मराठी, पत्रं-अर्जांचं, मी घेईन."

"एम.ए. करून अर्ज लिहायला शिकवणार?"

"शिकवीन."

तुकडी मिळाली, खच्चून भरली. दिवाळी आली तरी तिला सगळ्यांची नावं येईनात. घंटा झाली की कुणी क्लासला, कुणी कामावर पळे. उडप्याकडे चहाला थांबायला वेळ कुणालाच नसे. धाकटी बहीण एथेल कधी विचारी, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतं ना," व्हायोलेट म्हणायची, आणि उद्याच्या तासाची तयारी करायला बसायची.