कॉफीला या

धम्मपाल ऑफिसात भल्याभल्यांच्या चुका शोधून द्यायचा, पण दोन ओळींच्या एका चिठ्ठीनं त्याची पाचावर धारण बसली.

साल २००५. नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल या गावातली त्याची इमारत स्वस्त भाड्याची, राहणारे बहुतेक सुरिनामहून आलेले काळे लोक. शेजारच्या दोन इमारती पाडून तिथं महागडी घरं उठत होती. या इमारतीतली घरं मात्र ती भाड्यानं देणारी घरसंस्था एकेक करून भाडेकरूंनाच, परवडेल अशा किमतीत विकत होती. शुक्रवारी नोटरीपुढे सही केली, की घर धम्मपालचं. आणि सोमवारी ही चिठ्ठी: बुधवारी इमारतीतल्या घरमालकांची मीटिंग आहे, ओळख करून घेऊ, कॉफीला या. खाली सही तळमजल्यावरच्या अध्यक्ष हिल्डाबाईंची.

हसू नका. पुण्यात त्याच्या वडिलांना, बबनरावांना, सोसायटीनं असंच चहाला बोलावलं होतं. गाव कुठलं, आडनाव काय, घरात फोटो कुणाचे, सगळं गोड बोलून विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी बिल्डरनं बयाणा परत केला. त्यानंतर बबनरावांनी मरेपर्यंत घराचं नाव काढलं नाही.

इथं असलं कुणी विचारत नाही, असं बायको, धम्मदीपा, दोन दिवस सांगत होती. पण ऐकतो कोण! पगाराच्या पावत्या, परमिट, लग्नाचा दाखला, सगळं फाइलीत कोंबून तो खाली उतरला.

गळक्या छपराचं बोलणं झालं, सायकलींच्या खोलीचं झालं. हिल्डाबाईंनी चष्मा सरळ केला की त्याला वाटायचं, आता विचारणार. कॉफी निवून गेली. कुणी काही विचारलंच नाही. शेवटी खुर्च्या उचलताना हिल्डाबाईंनी फाइलीकडे बोट केलं.

"कागद आहेत," तो चाचरला. "तुम्ही मागाल म्हणून."

हिल्डाबाई स्वतः सुरिनामच्या, काळ्या, वीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून राबलेल्या. त्या हसल्या नाहीत.

"मीही पहिल्या मीटिंगला पिशवीभर कागद आणले होते," त्या म्हणाल्या. "कुणी मागितले नाहीत. तरी तीन वर्षं आणत होते."

शुक्रवारी सही झाली. किल्ली जुनीच, घर मात्र आता स्वतःचं. पुढच्या महिन्यात तो मीटिंगला निघाला, तेव्हा फाइल काखेत होतीच. धम्मदीपानं पाहिलं. लग्नाचा दाखला टेबलावर राहिला होता. तो तिनं उचलला आणि त्याच्या फाइलीत सरकवला.