वाढत्या अंगाची सायकल

सेलूत ज्या ज्या लेकराचे गुडघे आज धड आहेत, त्या प्रत्येक गुडघ्यावर माझ्या जाऊबाईंच्या थोरल्या भावाचा थोडा थोडा हक्क आहे, असं मी म्हटलं तर आमच्या घरातले हसतात. हसू द्या. हसणाऱ्यांचेही गुडघे त्यांनीच राखलेत. भाऊंची सगळी उमर कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर म्हणून गेली. पदराचं टोक गेलं तर मागोमाग बाईचा हातही आत जावा, अशा यंत्रांपाशी जन्म काढलेला माणूस. त्यामुळे फिरतं चाक दिसलं, की आता हे काय ओढून घेणार, हाच विचार त्यांच्या डोक्यात आधी येतो. इतर माणसं निवृत्त झाली की देवळात जाऊन बसतात. हे सकाळी शाळेच्या फाटकात जाऊन उभे राहायचे. सदऱ्याच्या एका खिशात पाना, दुसऱ्या खिशात जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी पट्ट्या. कुणा मुलीची ओढणी मागच्या चाकाकडे लोंबताना दिसली, की हिला थांबव, ओढणी कमरेला गुंडाळायला लाव, वरून पट्टी बांध. कुणाची पँट साखळीपाशी फडफडली, की तिला पट्टी. मग सायकलीपुढे उकिडवं बसून ब्रेक दाबायला सांगणार आणि चाक हातानं ढकलून बघणार. चाक हललं तर पोराला सायकल हातात धरून वर्गात पाठवणार. “आधी थांबायचं शिक रे. चालवायचं कुणालाबी येतंय,” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलंय, की बालवाडीतली पोरं प्रार्थनेनंतर तेही म्हणतात की काय, अशी मला शंका होती.

हेल्मेटचं तर विचारू नका. पोरांना सांगायचं तर आधी आपण घालायचं, म्हणून साठीत त्यांनी हेल्मेट घेतलं आणि सायकलवर ते घातल्याशिवाय कधी बसले नाहीत. अडचण इतकीच, की उतरल्यावर काढायचं ध्यानात राहायचं नाही. बाजारात वांगी निवडताना डोक्यावर हेल्मेट, पंगतीत वरण वाढून घेताना हेल्मेट. एकदा देवगाव फाट्याजवळच्या एका घरी ते तसेच भेटायला गेले. त्या घरातला कर्ता माणूस वारलेला. हे जाऊन मान खाली घालून बसले, तर ती बिचारी बाई रडता रडता थांबली आणि विचारती झाली, “भाऊ, डोक्याला काय झालं? कुठं पडलात का?” भाऊ म्हणाले, “पडलो न्हाई, पण सांगता येत न्हाई.” दुःखाच्या घरात लोकांनी तोंडाला पदर लावले ते रडण्यासाठी नव्हते, देवा शपथ.

बँकेत बदलून आलेल्या साहेबांची मुलगी चाकाचे बूट घालून नव्या सिमेंटच्या रस्त्यावर भुर्रकन जायची. आमच्या गल्लीला ते नवलच. भाऊ दोन्ही हात पसरून तिला आडवे आले. तिची आई धावत बाहेर आली.

“काय झालं काका?”

“हिला पडायला येतं का?”

“पडायला कशाला यायला पाहिजे?”

“मंग उठायला दवाखान्यात जावं लागंल की, बाई!”

आणि त्यांनी पडायची शाळा काढली. मंडपवाल्याकडून लग्नाच्या गाद्या मागून आणल्या, मंगल कार्यालयाच्या अंगणात अंथरल्या आणि गल्लीतली दहा-बारा पोरं ओळीनं पाडायला घेतली. हात सरळ टेकायचा न्हाई, अंग गोळा करायचं, कुशीवर लोळायचं. ‘पड!’ म्हटलं की पडायचं. ऐन रंगात आलेलं असताना त्या दिवशीच्या लग्नाची नवऱ्याकडची मंडळी बोरीहून आली. त्यांच्यासाठी घातलेल्या गाद्यांवर पोरं धपाधप पडताहेत आणि हेल्मेट घातलेला एक म्हातारा ओरडतोय, हे बघून वरबाप दारातच थबकला. भाऊ त्याला म्हणाले, “या, या. नवरदेव घोड्यावर बसणार हाय ना? त्यालाबी घ्या ह्यात.” चाकाच्या बुटांच्या त्या मुलीसाठी गुडघ्याच्या आणि कोपराच्या गाद्या मात्र मी शिवल्या, जुन्या गोधडीच्या, आत नवा कापूस दाबून. पट्टा कुठं घ्यायचा ते भाऊ सांगत होते. हौसेनं मी टोपीही शिवायला घेतली, तर हातातली सुई काढून घेतली त्यांनी. “डोक्याला कापूस चालत न्हाई अक्का. तिथं हेल्मेटच.”

आता माझ्या वाट्याचं सांगते. इथवर आले ते त्यासाठीच.

आमच्याकडे लेकराला कपडा घेताना बाही दुमडून घेतात, चप्पल बोटभर मोठी घेतात. वाढत्या अंगाची. सायकलही तशीच घेतात. भाऊंचा सगळ्यांत मोठा राग ह्या एका चालीवर. पाय टेकत नसलेलं पोर सायकलीवर दिसलं, की ते घरापर्यंत मागं जायचे आणि आईबापांना बोल लावून यायचे. माझ्या नातवाला पाचवीत सायकल घेतली ती मी पसंत केली. हौसेनं मोठी घेतली, दहावीपर्यंत पुरावी म्हणून. भाऊ दुकानातच भेटले. म्हणाले, “अक्का, हा सदरा हाय का दुमडून घालायला? पोरगं टांगलं जायलंय त्याच्यावर!” मी म्हटलं, “तुमचं आपलं काहीतरीच, भाऊ. वर्षात ताडमाड होतो की नाही बघा.” त्यांनी मग वाद घातला नाही. तिथंच बसले, सीट पार खाली बसवली, नट आवळला, नातवाला बसवून दोन्ही पायांची बोटं टेकवून बघितली आणि आपलं जुनं नाही, नवं हेल्मेट त्याच्या डोक्यावर बांधलं.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी नातू रडत आला. मोठी सायकल आणि खाली बसलेली सीट, पोरं त्याला “उंटावरचं शेळीचं पिल्लू” म्हणायली होती. मला ते ऐकवलं नाही. घरातली पक्कड घेतली, नट ढिला केला, सीट चार बोटं वर ओढली, नट पुन्हा फिरवला. झालं की काम, ह्याला फिटर कशाला लागतो, असं मनात आलंही माझ्या. दुसऱ्या दिवशी रेल्वेपुलाखालच्या उतारावर सीट अंगाखाली गर्रकन फिरली. पाय टेकेनात. पोर भिंतीवर गेलं. हेल्मेटला तडा गेला, डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. पण उजवं कोपर मोडलं. परभणीला नेऊन शस्त्रक्रिया झाली. तो हात आता पुरता सरळ होत नाही. गोलंदाजी करायचा तो. आता यष्टीमागे उभा राहतो.

त्याला घरी आणलं त्या संध्याकाळी भाऊ आले. अंगणात सायकल उभी होती. ढिल्या नटामुळे सीट घसरून पुन्हा तळाला बसलेली, तोंड आडवं. त्यांनी एका बोटानं ढकलली, ती फिरली. पुन्हा ढकलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हा नट मीच आवळला व्हता.” माझ्या हातात त्यांच्या चहाचा कप होता. आत मुलगा होता, सून होती, आणि सगळा दोष दवाखान्यातून नुकताच घरी येऊन कुणाच्या तरी मानेवर बसायला टपलेला होता. मी कप पुढं केला आणि म्हटलं, “चहा गार होतोय.” नातवाला सगळं माहीत होतं. खाटेवरून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

भाऊ दुसऱ्या दिवसापासून फाटकात गेले नाहीत. पोरं विचारायला आली तर म्हणाले, “माझ्या हाताचा भरोसा राहिला न्हाई, बाबांनो.” आणि हळूहळू शाळेसमोर सीटा उंच झाल्या, ओढण्या मोकळ्या सुटल्या. मी रोज बघायचे. सहा महिने बघितलं. मग एका दुपारी आधी सुनेला सांगितलं. ती उठून आत गेली. अजूनही गरजेपुरतंच बोलते. तशीच मी भाऊंकडे गेले. ते ओट्यावर बसून शेंगा निवडत होते.

“भाऊ, सीट मी वर केली होती. पक्कडीनं. नट माझ्याकडून ढिला राहिला. तुमचा काही कसूर नाही.”

“अक्का, तुमी लय चांगल्या हाव,” ते म्हणाले. “पण म्हाताऱ्याची समजूत घालायला खोटं कशाला बोलता?”

“नातवाला विचारा.”

“त्यालाबी शिकवलं का?”

मी लेकरांच्या शपथा घेतल्या तेव्हा कुठं त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. मग कारखान्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “मी आवळलेला नट व्हता तो. सुटायला जोर किती लागला?”

ह्या प्रश्नाचा मी सहा महिन्यांत एकदाही विचार केला नव्हता. तो नट पहिल्या हिसक्यालाच फिरला होता. सहज. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या मनगटात अजून किती ताकद आहे!

“लय लागला,” मी म्हटलं. “दोन्ही हात लावले. घाम फुटला.”

त्यांनी माझ्या मनगटांकडे बघितलं. काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात अशी माझी मनगटं. मग स्वतःचा उजवा हात मांडीवर उताणा ठेवला, मूठ मिटली, उघडली. “मंग ठीक हाय,” म्हणाले, आणि आत बघून चहा टाकायला सांगितलं.

आता ते पुन्हा फाटकात येतात. उकिडवे बसतात, ओरडतात, ब्रेक दाबून बघतात. फक्त नट आवळायची वेळ आली, की पाना पोराच्या बापाच्या हातात देतात. “तुमी आवळा. आणखी. आणखी एक फेरा,” म्हणत शेजारी बसून राहतात. लोक म्हणतात, भाऊंनी नवीन पद्धत काढली, आईबापांना शिकवायची. मीही तसंच सांगते.