नातीला दिलेली धुरी

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चुकलेलं माफ करावं. चारचौघांत बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहिते.

माण तालुक्यातून लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र निघायच्या. मग रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या. दर उन्हाळ्यात कुरडयांखालचं पातळ आधीच्या सालापेक्षा काळं व्हायला लागलं. आता दुपारीच बोटाला काजळी लागते. मला कुरडयांचं काही वाटत नाही. पातळावर बसतं ते नातीच्या छातीतही बसत असणार, ही भीती.

गेल्या थंडीत तिचा खोकला थांबेना. तीन वर्षांचं लेकरू. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या, शिट्टी वाजायची. एका सकाळी मुलगा-सून कामावर होती. आमच्या गावाकडे खोकल्याला ओव्याची धुरी देतात. मी खिडक्या लावल्या, निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली, तिला मांडीवर घेऊन वरून पातळ पांघरलं. थोड्या वेळानं तिचं रडणं थांबलं. मला वाटलं, गुण आला. पातळ काढलं तर ओठ निळे.

मी ओरडले. शेजारच्या आक्का धावत आल्या.

"आगं बाई, काय केलंस? भाईरचा धूर कमी पडला व्हय, म्हून घरात कोंडलास?"

रिक्षात मी तिच्या नाकपुड्याच बघत होते, हलतात का.

दवाखान्यात मास्क लावून औषधाची वाफ दिली. पैसे आक्कांनी भरले. डॉक्टर म्हणाले, "हिला धूर चालणार नाही. कुठलाच."

रस्त्याचा कसा अडवू, हे विचारायचं होतं. तोंडून निघालं नाही.

तेव्हापासून खिडकी उघडायची का लावायची, हे रोज मला कळत नाही. ती झोपली की छातीवर हात ठेवून बसते.

चूक माझी, म्हणून मुलाकडून पैसे घेतले नाहीत. लोकांच्या चपात्या लाटून थोडे थोडे दिले. आक्का म्हणायच्या, "राहू दे की गं, मी काय पळून चाललीया?"

आज नातीला घेऊन शेवटचे पैसे द्यायला आक्कांकडे गेले. नात दारातच खोकायला लागली. आम्ही दोघी बोलायच्या थांबलो. खोकला थांबला, तिनं श्वास घेतला, तो आम्ही ऐकला. मग आक्कांनी पैसे न मोजता कमरेला खोचले. सगळे फिटले.